मॅजेस्टिक मल्टिप्लेक्सने संपवले नाही
१/ ‘जुनी चित्रपटगृहे मल्टिप्लेक्सने गिळली’ हे वाक्य इतिहासप्रेमींच्या तोंडी रुळले आहे. कालक्रम मात्र निराळी साक्ष देतो.

२/ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ झळकला. गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले. तेच मॅजेस्टिक १९७०च्या दशकात पाडले गेले. जागी व्यापारी संकुल आले.

३/ पुण्यातील पहिले चित्रपटगृह ‘आर्यन’ (१९१५) १९८३ साली जमीनदोस्त झाले. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ साली बंद पडले. देशातील पहिले मल्टिप्लेक्स उघडले ते १९९७ साली, दिल्लीत. जो जन्मलाच नव्हता, तो गुन्हेगार कसा?

४/ ऑपेरा हाऊस तरले, कारण गोंडलच्या राजघराण्याने ते पाडू दिले नाही. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार केला आणि २०१६ साली पडदा पुन्हा उघडला. वास्तू मालकाच्या निश्चयाने आणि पैशाने वाचते. हळव्या आठवणींनी नव्हे.

५/ आज मॅजेस्टिक नाही आणि ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही. गावोगावची उरलेली चित्रपटगृहे अद्याप उभी आहेत. त्यांची छायाचित्रे, नकाशे, तिकिटे आजच जतन व्हावीत. पाडल्यानंतरचे उसासे म्हणजे इतिहास नव्हे.