देहविद्येचे अंतराळ

कोल्हापूरच्या गंगावेश वा मोतीबाग तालमीतील कोणताही वस्ताद सांगेल की, मल्लाने मेहनत थांबवली की कमावलेले शरीर उतरायला वेळ लागत नाही. अंतराळात नेमके हेच घडते. देहाचा भार नाहीसा होताच स्नायू क्षीण होऊ लागतात, कंबर व पायांच्या हाडांची घनता दरमहा सुमारे १ टक्क्याने घटते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांना रोज सुमारे २ तास व्यायाम करावा लागतो. अंतराळप्रवास हा यंत्रविद्येइतकाच देहविद्येचाही विषय आहे.

या दोन्ही विद्या आत्मसात केलेले डॉ. अनिल मेनन यांचे नाव नासाने जुलै २०२५मध्ये सोयुझ एमएस-२९ यानासाठी जाहीर केले. बैकोनूरहून २०२६मध्ये उड्डाण आणि स्थानकात सुमारे ८ महिने मुक्काम, अशी ही त्यांची पहिली मोहीम आखण्यात आली. भारतीय व युक्रेनी माता-पित्यांच्या या अमेरिकी पुत्राची खरी पूर्वतयारी मात्र प्रशिक्षण केंद्राबाहेरच सुरू झाली होती. भारतात वर्षभर राहून त्यांनी पोलिओ लसीकरणाच्या कार्याला हातभार लावला. एव्हरेस्टच्या गिर्यारोहकांवर उपचार केले. हैतीच्या २०१०च्या आणि नेपाळच्या २०१५च्या भूकंपात ते मदतीला धावले. २०१४पासून नासात ते अंतराळवीरांच्या प्रकृतीची जबाबदारी सांभाळू लागले आणि २०२१मध्ये स्वतःच अंतराळवीर म्हणून निवडले गेले. सेवेच्या वाटेनेच ते यानाच्या दारापर्यंत पोहोचले.

त्यांच्या भारतीय वारशाचा आनंद जरूर मानावा. परंतु परदेशात फुललेल्या प्रतिभेशी केवळ रक्ताचे नाते सांगून समाधान मानणे स्वाभिमानी राष्ट्राला शोभत नाही. आपल्याच भूमीवर अशी वाट घडविली पाहिजे. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा याच बैकोनूरहून झेपावले. ते सॅल्यूत-७ स्थानकावर पोहोचले, तेव्हा तेथील मुक्कामी पथकात ओलेग अत्कोव्ह हे हृदयरोगतज्ज्ञ होते. दीर्घ मुक्कामात वैद्य हवा, हे रशियाने तेव्हाच ओळखले होते.

गगनयानासाठी निवडलेल्या पहिल्या तुकडीतील चौघेही वायुसेनेचे चाचणी-वैमानिक आहेत. आरंभीच्या धाडसी उड्डाणांसाठी ते योग्यच होय. पण २०३५पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचा संकल्प भारताने केला आहे. तेथे महिनोन्महिने राहायचे, तर वैद्यांनाही अंतराळवीर निवडीचे दार खुले हवे. बेंगळुरूची वायुसेनेची एरोस्पेस मेडिसिन संस्था हा त्यासाठीचा भक्कम पाया आहे. तिच्याशी राज्याराज्यांतील वैद्यकीय महाविद्यालयांचा जिवंत संबंध जडला पाहिजे.

कोल्हापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ज्यांचे नाव अभिमानाने मिरवते, त्या राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांसाठी खासबाग मैदान उभारले आणि १९०१पासून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची दारे उघडली. गुण समाजात असतातच, उणीव असते ती दारांची, हे त्यांनी जाणले होते. आज त्या महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलीने आपण अंतराळात वैद्य म्हणून जाऊ, असे म्हटले, तर तिला हसण्यावारी न नेता वाट दाखवता यावी. ती वाट आखणे हे राष्ट्रकार्यच होय.