मयेला जायचे कसे?

परदेशी पाहुण्यांसाठी गोव्याची जी माहितीपत्रके निघतात, त्यांपैकी बहुतेकांत मयेच्या तळ्याचा उल्लेख असतो. डोंगरांच्या कुशीतले पाणी, पायांनी चालवावयाच्या होड्या आणि अलीकडे 55 मीटर उंचीवरून दोरीला बांधून मारावयाची उडी, एवढ्यावर ते वर्णन आटोपते. तेथे पोचावे कसे, परतावे कसे, गावात वागावे कसे, याविषयी मात्र बहुधा अवाक्षर नसते. ही उणीव किरकोळ आहे असे आम्हांस वाटत नाही.

2019 साली सुमारे 9 लाख 37 हजार परदेशी पर्यटक गोव्यात आले होते. 2024 साली देशी पर्यटकांची संख्या एक कोटीच्या घरात गेली, पण परदेशी पाहुणे 4 लाख 67 हजारांच्या आसपासच राहिले. श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम ही नावे त्यानंतर चर्चेत वारंवार येऊ लागली आणि सरकारने किनाऱ्यापलीकडील गोव्याकडे बोट दाखविले. दिशा योग्यच आहे. पेडण्यात मोपा येथील विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाल्यावर तेथे उतरणाऱ्याला कोलवा-बाणावलीपेक्षा मये जवळ पडते. परंतु पाहुण्याला नुसते बोट दाखवून भागत नाही, वाटही सांगावी लागते.

पहिली अडचण नावाचीच आहे. पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगाच्या शेवटी जो 'एम' येतो, तो केवळ अनुनासिक उच्चार दाखविण्यासाठी असतो. बिचारा पाहुणा तो ठणठणीत उच्चारतो आणि बसस्थानकावर 'मायेम' कोठे, 'बिचोलिम' कोठे, असे विचारत फिरतो. वाहक ओरडत असतो 'डिचोली, डिचोली'! 'सँक्वेलिम' म्हणजे सांखळी, 'आर्वालेम' म्हणजे हरवळे आणि 'चोराव' म्हणजे चोडण, हे त्याला कोणी सांगावे? नकाशावरील नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव शेजारी शेजारी छापावयास कितीसा खर्च येणार आहे? आम्हांस विचाराल तर पर्यटन खात्याने बाकी सारे बाजूस ठेवून हे एक काम प्रथम करावे.

वाट तशी अवघड नाही. पणजीहून वा म्हापशाहून बसने डिचोली गाठावी आणि तेथून मयेची बस किंवा रिक्षा धरावी. सायंकाळनंतर बसेस विरळ होतात, म्हणून परतीची वेळ आधीच विचारून ठेवावी. याहून रम्य वाट रायबंदरच्या फेरीबोटीची. चोडणला उतरून खारफुटीतील सलीम अली पक्षी अभयारण्य पाहावे आणि पुढे रस्त्याने मये गाठावे. जवळच नार्वे येथे श्री सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. दिवाडीवरून नदीपार आलेल्या या देवाच्या मंदिराचा जीर्णोद्धार 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला. दोरीवरून उडी मारणाऱ्यापेक्षा ही वाट चालणाऱ्याने गोवा अधिक पाहिला, असे आमचे प्रांजळ मत आहे.

भाड्याची दुचाकी घेणाऱ्याने काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलेच वाहन घ्यावे आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ बाळगावा. तळ्याकाठी उघड्यावर मद्य पिणे वा चूल मांडणे 2019 च्या दुरुस्तीपासून दंडास पात्र आहे. आमच्या देशी पर्यटकांनाही हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. देवळात जाताना पादत्राणे बाहेर, अंगभर वस्त्र आणि गाभाऱ्याकडे कॅमेरा नको, एवढे पाळले की गाव पाहुण्याला परके मानत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याच पत्रकात छापली जात नाही. 2024 साली डिचोलीच्या खाणपट्ट्यात उत्खनन पुन्हा सुरू झाले आणि मये गाव त्या पट्ट्याच्या शेजारी नव्हे, तर त्यातच मोडते. खनिजवाहू ट्रक कोणत्या रस्त्याने व कोणत्या वेळी धावतात, हे पाहुण्याला कळावयास नको काय? पावसाळ्यात जुन्या खाणींच्या खंदकांत साठणारे हिरवेनिळे पाणी तळ्यासारखेच मोहक दिसते. त्यात उतरणे जिवावर बेतू शकते, हे कळावयास नको काय?

आता यजमानाविषयी. मयेत मुक्काम करू इच्छिणाऱ्या पाहुण्याला ग्रामस्थाने आपल्या घरी खोली द्यावी, असे भाषणांतून सांगितले जाते. 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली तशी नोंदणी करावयाची, तर घराचा कागद लागतो. परदेशी पाहुणा उतरला की त्याची वर्दी चोवीस तासांत सरकारदरबारी द्यावी लागते, ती निराळीच. पण कागद आणावयाचा कोठून? पोर्तुगीज अमदानीत मये एका काउंटच्या मालकीचे होते. 1961 साली गोवा मुक्त झाला आणि गाव मात्र 1964 च्या कायद्याने 'स्थलांतरितांची मालमत्ता' म्हणून सरकारी ताब्यात गेले. पिढ्यान् पिढ्या राहत्या घरात माणसे कागदोपत्री परकीच राहिली. 2014 साली ती मालकी संपुष्टात आणणारा कायदा झाला आणि अलीकडे सनदा वाटण्यास आरंभ झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्याच्या हाती सनद पडली नाही, तो पाहुण्याला खोली देणार कशाच्या बळावर? तळ्याकाठी पैसा येईल तो बाहेरच्या भांडवलवाल्यांकडे जाईल आणि मयेकर फार तर गाड्या उभ्या करण्याची जागा दाखवीत राहील.

म्हणून उरलेल्या सनदांचे वाटप पर्यटनाच्या कामाचाच भाग समजून मुदतीत पूर्ण झाले पाहिजे. महसूल खात्याने आणि पर्यटन खात्याने मये पंचायतीत एकत्र बसून ती मुदत जाहीर करावी. त्याच बैठकीत बसच्या वेळा, ट्रकांच्या वेळा आणि गावांची खरी नावे असलेला एक साधा फलक डिचोलीच्या बसस्थानकावर व मोपाच्या आगमन दालनात लावण्याचेही ठरवून टाकावे.