हॉटेलात नोकरी? मुलीच्या जातीला?

बारावीचे निकाल लागले की आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांपेक्षा मुलांच्या ॲडमिशनचीच चर्चा जास्त रंगते. मुलाला हॉटेल मॅनेजमेंटला घालायचं म्हटलं तर कुणी फारसं काही बोलत नाही, फार तर 'फी किती?' एवढं विचारतात. मुलीने तेच नाव काढलं, की घर एकदम गप्प होतं. 'एवढं शिकून लोकांची ताटंच उचलायची का?' हा आजीचा प्रश्न. 'रात्रीची ड्युटी असते म्हणे,' ही वडिलांची काळजी. आणि आई? ती बिचारी दोन्हीकडे मान डोलावते.

मैत्रिणींनो, मला नवल वाटतं ते याचं, की मुलीला हायस्कूलात जायच्या आत पोळी गोल लाटायला शिकवणारे आपण, पण स्वयंपाकाला पगार सुरू झाला की तो पुरुषांचा होतो. घरात 'सुगरण', हॉटेलात 'शेफ'. लग्नकार्यात बघा, आचारी पुरुष, हिशेब बघणारा पुरुष. पोळ्या लाटायला आणि भांड्यांना तेवढ्या बाया!

खरं तर या शिक्षणाची आपल्याकडची सुरुवात बायकांनीच केली आहे. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं धान्यटंचाईची, रेशनच्या रांगांची. १९५० ते ५२ या काळात कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्नमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने १९५४ साली मुंबईत केटरिंगचं शिक्षण देणारी संस्था काढली. दादरची आयएचएम ती हीच, देशातली या प्रकारची पहिली. तिच्या लांबलचक नावात 'अप्लाइड न्यूट्रिशन' हे शब्द अजून आहेत. म्हणजे लोकांना नीट, पोषक खायला कसं घालायचं, या बायकी समजल्या जाणाऱ्या प्रश्नातून हे शास्त्र इथे उभं राहिलं. आणि आज त्याच शिक्षणाला आपल्याच मुली पाठवायला आपण कचरतो.

कचरण्याचं कारण खोटं नाही. दिल्लीत तर कायदाच आडवा होता. १९१४ सालच्या पंजाब अबकारी कायद्यातल्या ३०व्या कलमानुसार, जिथे लोक मद्य पितात अशा जागी बाईला नोकरीच देता येत नव्हती. मोठ्या हॉटेलांतल्या कितीतरी जागा त्यामुळे मुलींना बंद. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि डिसेंबर २००७ मध्ये कोर्टाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. निकालाचा रोख असा, की सुरक्षिततेचं नाव पुढे करून बाईची नोकरी काढून घेऊ नका, तिला सुरक्षित काम करता येईल अशी व्यवस्था करा. घरोघरच्या वडीलधाऱ्यांनाही हे ऐकवायला हवं, असं मला वाटतं.

आता शिकवतात काय? नुसता स्वयंपाक नव्हे. किचन, जेवण वाढण्याची सेवा, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग असे चार मुख्य विभाग. शिवाय स्वच्छतेचे नियम, खर्चाचा हिशेब, आणि काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात काम. केंद्राच्या आयएचएम संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची परीक्षा असते. त्याला कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय मात्र हवा. म्हणजे आर्ट्सच्या मुलींनाही दार उघडं आहे. (आमच्या वेळी आर्ट्स केलं की बी.एड. नाहीतर लग्न!) राज्यातली बी.एच.एम.सी.टी. ही पदवी चार वर्षांची, तिची सीईटी वेगळी.

नोकरी म्हणजे मुंबई-दुबईच असं समजायचं कारण नाही. आपल्या नाशिकचंच बघा. त्र्यंबकेश्वर, वणीची सप्तशृंगी, वाइनरींमधली रिसॉर्टं, गंगापूर धरणाकाठी एमटीडीसीचं ग्रेप पार्क. २०१५ चा सिंहस्थ आपण पाहिला, २०२६-२७ चाही आपलाच. शिवाय सातपूर-अंबडच्या कारखान्यांची कँटीन, मोठ्या हॉस्पिटलांची स्वयंपाकघरं. तिथेही शिकलेलं माणूस लागतं, आणि त्या नोकरीला 'हॉटेलातली' म्हणून नाकं मुरडायला कुणी येत नाही.

पण गुलाबी चित्र मी रंगवणार नाही. सुरुवातीचा पगार बेताचा, दहा-दहा तास उभं राहायचं, दिवाळीत सगळे घरी आणि आपण कामावर. हे मुलीला आधीच सांगा. झगमगाट बघून गेलेली पोर वर्षभरात परत येते आणि फी जाते ती जातेच. काही खासगी कॉलेजांचं माहितीपत्रक नुसतं फोटोंनी भरलेलं असतं. त्याला भुलू नका. विद्यापीठाची संलग्नता आहे का, एआयसीटीईची मान्यता लागते तिथे ती आहे का, मागच्या वर्षीच्या मुली ट्रेनिंगला नेमक्या कुठल्या हॉटेलात गेल्या, हे विचारा. जमलं तर त्यांतल्या एखादीला भेटा. ती जे सांगेल ते माहितीपत्रकात सापडणार नाही.

आणि रात्रपाळीचं? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम करायला बाईची संमती लागते. सुरक्षितता आणि जाण्यायेण्याच्या वाहनाची सोय ही मालकाची जबाबदारी. तो काही उपकार करत नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे, आणि तिथे दाद मागण्याचा हक्क ट्रेनिंगला आलेल्या मुलीलाही आहे. हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. 'ट्रेनीच तर आहेस' म्हणून तिला गप्प बसवलं जातं. समितीची अध्यक्ष बाईच असावी लागते. तेव्हा लेक ट्रेनिंगला निघाली की बॅगेत लाडू-चिवडा भरताना त्या अध्यक्ष बाईंचं नाव आणि फोन नंबर तेवढा तिच्या वहीत लिहून घ्या.