धुरावर हसलो, पुढे काय?
रशियाची विमानवाहू युद्धनौका ‘अॅडमिरल कुझनेत्सोव्ह’ ऑक्टोबर २०१६ मध्ये काळा धूर ओकत सीरियाकडे निघाली, तेव्हा जगाने तिची टिंगल केली. तिथे तिची दोन विमाने समुद्रात गेली. एक सुखोई-३३, दुसरे मिग-२९के, जे आपल्या दाबोळीच्या नौदल तळावरही आहे. शत्रूने नाही, उतरत्या विमानाला अडवणाऱ्या तारांनीच दगा दिला. पुन्हा हसू झाले. पण मंडळी, याच डेकवरून उडालेल्या विमानांनी सीरियात बॉम्ब टाकले. डिसेंबरात अलेप्पो पडले, हजारो माणसे कडाक्याच्या थंडीत घरदार सोडून निघाली. दोन्ही वैमानिक सुखरूप वाचले, हे बरेच झाले. ढिगाऱ्याखालच्या लेकरांना कोणी वाचवायचे? बोट जुनी म्हणून बॉम्ब काही हलका पडत नाही.