दोन एकरवाल्याचं बियाणं
बांधावरून : शिवारकर

भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण १९९९ च्या कायद्यानुसार हे मानांकन एकट्यादुकट्याचं नसतं, उत्पादकांच्या समूहाचं असतं. राखायचं तर सगळ्यांनी मिळून. आणि इथंच शिवारातली विषमता आडवी येते.

मानांकन टिकवायचं तर बी जातिवंत राहायला हवं, आणि मिरचीत परपरागीभवन बरंच होतं. मधमाशी शेजारच्या संकरित मिरचीवरून आली, की पुढच्या हंगामाच्या बियाण्यात भेसळ झालीच. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत २०० मीटर अंतर राखतात. आता हिशेब मांडा. दोन एकरांचा चौकोनी तुकडा एका बाजूनं जेमतेम ९० मीटर भरतो. चारही बांधांपलीकडच्यांनी साथ दिल्याशिवाय त्याच्या मालकाला जातिवंत बी धरताच येत नाही. पन्नास एकरवाल्याची बाजू ४५० मीटरची; त्यानं मधोमध छोटा वाफा केला, की काम झालं. कुणाला विचारायला नको.

ज्याला शेजाऱ्याची गरज सर्वांत जास्त, त्याच्याकडे शेजाऱ्याला देण्यासारखं काही नाही. कर्जात असलेल्या शेजाऱ्याला 'जास्त पिकणारी संकरित मिरची लावू नको' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? एकमेकांना नांगरटीत मदत करण्याच्या इर्जिकीचंही हेच झालं. दोघांकडे बैलजोडी होती तोवर आज तुझं रान, उद्या माझं. एकाकडे ट्रॅक्टर आला. त्याला परतफेड नको झाली आणि दुसऱ्याला ती करता येईना. यावर 'लोक स्वार्थी झाले' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

संशोधक निशी, ख्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांचा याच विषयावरचा एक प्रयोग २०१५ साली 'नेचर'मध्ये आला. खेळात कुणाला जास्त, कुणाला कमी पैसे दिले होते. तेवढ्यानं सहकार्य फारसं घटलं नाही. शेजाऱ्याचे पैसे दिसू लागले, तिथं मात्र ते ढासळलं. गावात काय झाकलेलं असतं? म्हणून माणसामाणसातलं आर्थिक अंतरच कमी करावं लागेल.

बियाण्याच्या वाफ्याशेजारी जो संकरित मिरची लावणार नाही, त्याचं बुडणारं उत्पन्न आधी भरून द्या. तो पैसा मानांकनाच्या नावावर चढा भाव घेणाऱ्यांकडून यावा, आणि गावात काही झाकून राहत नाहीच, तर कुणाला किती दिले ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं. सातऱ्यावर, म्हणजे मिरची खुडण्याच्या जागी, दिवसभर तिखट धुळीत बसून देठ खुडणाऱ्या बायकांनाही यातून वाटा हवा. कायद्याच्या व्याख्येत शेतमालावर प्रक्रिया करणाराही उत्पादकच आहे. त्याच आधारावर त्यांची नावं नोंदवायची मागणी समूहानं स्वतः लावून धरावी.