जाफन्याच्या फायली उघडा!

टी. नगरमधल्या मराठी बंधुभगिनींनो,

ज्या पाँडी बाजारात आपण खरेदीला जातो, तिथे १९ मे १९८२ रोजी श्रीलंकेतल्या तमिळ सशस्त्र संघटनांचे नेते प्रभाकरन आणि उमा महेश्वरन यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. दोघेही पकडले गेले. श्रीलंका त्यांना मागत होती. आपण दिले नाही, जामिनावर सोडले. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची कत्तल झाली आणि दिल्लीच्या सरकारने या सशस्त्र संघटनांना भारताच्या भूमीवर गुपचूप प्रशिक्षण दिले, शस्त्रे दिली. मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी पैसा पुरवला.

शेजारी माणसे मारली जात असताना आपण गप्प बसायला हवे होते, असे आम्ही म्हणत नाही. तमिळांचे दुःख खरे होते. आमचा संताप वेगळा आहे. ज्यांच्या हाती बंदूक दिली, त्यांच्याच हातून ती काढून घ्यायला चार वर्षांत आपले जवान पाठवले गेले.

२९ जुलै १९८७ चा करार पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी केला. त्यावर प्रभाकरनच्या वाघांची, म्हणजे लिट्टेची, सही नव्हती. तरी त्यांची शस्त्रे खाली ठेवायला लावण्याची जबाबदारी आपण अंगावर घेतली! ११ ऑक्टोबरच्या रात्री श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठाच्या मैदानावर शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जवान हेलिकॉप्टरने उतरवले. वाघ दबा धरून बसले होते. एकोणतीस जण मारले गेले, एक कैद झाला. ऐन दिवाळीत जाफन्याच्या रुग्णालयात आपल्याच सैन्याच्या गोळ्यांनी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मेले. हेही झाकू नका. शांतिसेना म्हणून धाडलेल्या फौजेला रणात ढकलणाऱ्यांनी या दोन्ही मरणांचा जाब द्यायचा आहे.

महार, मराठा आणि मद्रास या तिन्ही रेजिमेंटच्या पलटणी जाफन्याच्या लढाईत होत्या. आठव्या महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन जन्माने मुंबईचे, अधिकारी झाले ते याच चेन्नईतल्या प्रशिक्षण संस्थेतून. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी शोधमोहिमेवरून परतणाऱ्या त्यांच्या तुकडीवर वाघांनी दबा धरून हल्ला केला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला लोळवले आणि मरेपर्यंत आपल्या माणसांना हुकूम देत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. अकराशेहून अधिक जवान परत आलेच नाहीत. जे आले, त्यांच्या स्वागताला मार्च १९९० मध्ये मुख्यमंत्री करुणानिधी चेन्नई बंदरावर गेले नाहीत. सरकारच्या धोरणावरचा राग जवानांवर काढणे हा अन्याय होता, मग मुख्यमंत्री कितीही मोठा असो.

पुढे राजीव गांधींची हत्या झाली, तिची चौकशी जैन आयोगाने केली. या युद्धाची जाहीर चौकशी कोणीच केली नाही. काँग्रेस गेली, इतर पक्ष आले, भाजपही आला. कोणत्याही सरकारला हे गाठोडे सोडावेसे वाटले नाही. पंचवीस वर्षांहून जुनी कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागारात द्यावीत, असा सरकारचाच नियम आहे. ती मुदत केव्हाच उलटून गेली.

म्हणून आमची मागणी अशी: १९८३ ते १९९० या काळातल्या प्रशिक्षणाच्या, कराराच्या आणि ऑपरेशन पवन या जाफन्यावरच्या लष्करी मोहिमेच्या फायली खुल्या करा, त्यावर श्वेतपत्रिका काढा आणि ती संसदेत मांडा. दक्षिण चेन्नईच्या खासदारांना या आठवड्यात पत्र लिहा. मराठीत लिहा, तमिळमध्ये लिहा, शेजारच्या तमिळ घरालाही सोबत घ्या. पत्राखाली स्वतःचे नाव आणि पत्ता लिहायला कचरू नका.