नायट्यावर नवं जेल येईल, पण ती जुनी ट्यूब कधी जाणार?

"डॉक्टर, यावर एखादं नवीन, भारी जेल नाही का?" जांघेतला नायटा दाखवत पेशंट विचारतात. आतापर्यंत काय लावलं असं विचारलं की पिशवीतून एक ट्यूब निघते. तिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टिरॉइड, असं सगळं एकत्र असतं.

नव्या जेलमागची कल्पना चांगलीच आहे. नायट्याची बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात राहते. औषध तिथेच साठावं, हळूहळू सुटावं आणि रक्तात फारसं उतरू नये, म्हणून संशोधक ते अतिसूक्ष्म कणांत भरून जेलमध्ये मिसळतात. दोनदा लावण्याऐवजी एकदा लावून भागलं तर कोणाला नको आहे?

पण स्पष्टच सांगतो, आपला नायटा जेल जुनं आहे म्हणून चिघळलेला नाही. स्टिरॉइडने खाज आणि लाली दबते, दोन दिवसांत बरं वाटतं. आत बुरशी मात्र मोकाट पसरते. कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ उठतात. 2018 मध्ये सरकारने अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही ती मागितली की मिळतात.

त्यात आता टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी आली आहे. तिचं नावच ट्रायकोफायटन इंडोटिनी, म्हणजे भारतावरून पडलेलं. औषध जिथे काम करतं ती जागाच या बुरशीने बदलली आहे. कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली सावकाश फिरवून काय होणार?

म्हणून संशोधकांना आणि कंपन्यांना माझं सांगणं आहे: काचेच्या बशीतले निकाल पुरेसे नाहीत. घामेजलेल्या जांघेत तुमचं जेल साध्या, स्वस्त क्रीमपेक्षा सरस ठरतं का, ते पेशंटवर दाखवा. आणि कृपा करून त्यात स्टिरॉइड घालू नका.

तुम्ही एवढंच करा. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन दिसलं तर नायट्यावर लावू नका. आधीच लावत असाल तर डॉक्टरांना दाखवा. आणि डाग दिसेनासा झाला म्हणून औषध मनाने बंद करू नका.